आधी वीजबिल बघा, मग सोलरचं ठरवा

सोलर, पाच स्टारचा फ्रिज, कमी विजेचे पंखे: पैसा नेमका कशावर घालायचा हे कळत नाही. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या घरांनी हे असं ठरवावं.

१. हेस्कॉमची, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीची, वर्षभराची बिलं काढा. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना, महिन्याला जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत) बिल शून्यच येत असेल, तर छतावरच्या सोलरनं वाचणार काय? एवढी मोठी रक्कम अडकवू नका.

२. योजनेत असूनही एखाद्या महिन्यात वापर २०० युनिटच्या वर गेला, तर पूर्ण बिल भरावं लागतं. खरी बचत इथंच आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) पंखा ३० ते ३५. रोज बारा तास चालणारे दोन पंखे बदलले की महिन्याला तीसेक युनिट कमी होतात. २१५-२२० वर अडकलेलं घर तेवढ्यानं २०० च्या आत येतं. म्हणून सुरुवात पंख्यापासूनच करा, तीही सर्वांत जास्त चालणाऱ्या.

३. बाकी वस्तूंसाठी: किंमत भागिले वर्षाची बचत. उत्तर वस्तूच्या वॉरंटीपेक्षा जास्त वर्षं आलं, तर सोडून द्या. चालू फ्रिज टाकून नवा घेणं बहुधा यात बसत नाही.

एक सांभाळा: सोलर वॉटर हीटरची बचत बारा महिन्यांची धरू नका. खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात ऊनच नसतं, तेव्हा बंब किंवा गिझर लागतोच. हिशेब आठ महिन्यांचा करा.