जमीनदार संसदपटूचे चरित्र कसे लिहावे : जॉन हॅम्पडेनचे उदाहरण

सतराव्या शतकातील इंग्लिश जमीनदार राजकारण्याचे चरित्र लिहायला घेतले, की आपण आधी त्याची संसदेतली भाषणे शोधू लागतो. माझा आग्रह आहे की त्याआधी त्याची जमीन नकाशावर शोधावी. जॉन हॅम्पडेनचे वडिलोपार्जित गाव बकिंगहॅमशायरमधील ग्रेट हॅम्पडेन. तो १६२१ मध्ये प्रथम संसदेत गेला तो दूरच्या कॉर्नवॉलमधील ग्रॅम्पाउंडमधून; पुढे घराजवळच्या वेंडोव्हरमधून निवडून येऊ लागला आणि १६४० मध्ये खुद्द बकिंगहॅमशायरचा प्रतिनिधी झाला. त्याचे वजन कसे वाढत गेले, ते या तीन नावांतच दिसते.

नंतर नातीगोती पाहावीत. इंग्रजी साधनांत ऑलिव्हर क्रॉमवेल, म्हणजे पुढे राजाविरुद्ध लढून इंग्लंडचा सत्ताधीश झालेला पुढारी, हा हॅम्पडेनचा नुसता ‘कझिन’ असतो. मराठीत हे नाते उलगडून लिहावे : हॅम्पडेनची आई ही ऑलिव्हरची सख्खी आत्या, म्हणजे ऑलिव्हर त्याचा मामेभाऊ.

सर्वाधिक वेळ मात्र कराच्या कागदांना द्यावा. युद्धप्रसंगी बंदरांकडून आणि किनारी भागांकडून घेतला जाणारा जहाजकर इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सने १६३५ मध्ये संसदेला न विचारता अंतर्गत परगण्यांवरही बसवला. ग्रेट किंबल या गावाची कर नाकारणाऱ्यांची यादी उपलब्ध आहे. तिच्यात पहिले नाव हॅम्पडेनचे असून त्यापुढे ३१ शिलिंग ६ पेन्स ही रक्कम आहे. खटला उभा राहिला तो स्टोक मँडेव्हिलच्या जमिनीवरील अवघ्या २० शिलिंगांसाठी. एवढ्या मोठ्या जमीनदाराला ही रक्कम जड नव्हती, म्हणूनच त्याचा नकार तत्त्वाचा ठरतो. हे वाचकाला स्पष्ट सांगावे. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने आणि पाच विरुद्ध गेले. हॅम्पडेन खटला हरला, पण पाच न्यायाधीश राजाच्या बाजूने उभे राहिले नाहीत, ही गोष्ट देशभर पोहोचली. ‘खटला हरला’ एवढ्यावरच वाक्य थांबवले तर चरित्राचा गाभाच हातून निसटतो.

तारखांबाबत मराठेशाहीच्या कागदांतील शुहूर सन ही जुनी कालगणना इसवी सनाशी जुळवताना ठेवतो तीच सावधगिरी ठेवावी. तेव्हा इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. हॅम्पडेनसह पाच सभासदांना पकडण्यासाठी राजा सैनिक घेऊन सभागृहात शिरला तो दिवस जुन्या कागदांत ४ जानेवारी १६४१ असा येतो. आपण १६४२ लिहावे.

शेवटी मृत्यू. राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात संसदेच्या बाजूने लढताना १८ जून १६४३ रोजी चाल्ग्रोव्हच्या चकमकीत हॅम्पडेन जखमी झाला आणि २४ जूनला थेम येथे वारला. शत्रूच्या गोळ्या खांद्यात शिरल्या असे काही जण सांगतात. त्याचेच पिस्तूल हातात फुटले असे इतर म्हणतात. १८२८ मध्ये त्याची समजली जाणारी कबर उघडली गेली, तरी वाद मिटला नाही. अशा वेळी दोन्ही हकिकती शेजारी शेजारी द्याव्यात आणि एकीचीही बाजू घेऊ नये.