कोळशाच्या खडकांत प्राण्यांचे जीवाश्म कसे शोधावेत : सोलापूरच्या हौशी अभ्यासकांसाठी

सोलापूरच्या माळरानावरचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट असल्याने त्यात दगडी कोळसा शोधण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातील कोळसा त्याहून कितीतरी जुन्या गोंडवाना खडकांत (गोंडवाना या प्राचीन महाखंडावर साचलेल्या गाळाच्या खडकांत), विदर्भातील चंद्रपूर, बल्लारपूर, वणी अशा भागांत आहे. प्रवास थंडीच्या दिवसांतच आखावा. चंद्रपूरचा उन्हाळा सोलापूरकरांनाही झेपत नाही.

सर्वप्रथम खडकांचा क्रम ओळखायला शिकावे. तळाशी हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे असलेला तालचीर थर असतो, त्यावर पांढुरका भरड वालुकाश्म, करडे शेल (चिखलापासून बनलेला, पापुद्र्यांनी सुटणारा खडक) आणि कोळसा यांचा बाराकार थर येतो. बाराकारच्या शेलमध्ये ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात, पण हाडे क्वचितच. कारण ज्या दलदलीत कोळसा तयार झाला, तिच्या आम्लयुक्त पाण्यात हाडांतील खनिज विरघळून जाते. म्हणून हाडांसाठी कोळशाच्या वरचे, नव्या काळातील लालसर मृत्तिकाश्म धुंडाळावेत. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे अशाच थरांत ब्रॅकिऑप्स या उभयचराची कवटी मिळाली आणि ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आणखी दक्षिणेला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, ज्युरासिक काळातील कोटा थरांत बारापासॉरससारख्या महाकाय डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथील जीवाश्म उद्यान त्याच खोऱ्यात आहे.

पावसाळ्यात धुऊन निघालेल्या उतारावर हळूहळू चालावे आणि संशयास्पद तुकडा दहापट भिंगाखाली पाहावा. हाडाच्या मोडलेल्या कडेवर बारीक छिद्रांची जाळी दिसते, साध्या गोट्यावर ती दिसत नाही. जिभेला चिकटतो तो हाडाचा, ही जुनी कसोटी सांगितली जाते खरी, परंतु चिकणमातीचा खडकही चिकटतो. माझा भर भिंगावरच राहील.

नमुना सापडल्यास तो उपटू नये. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, अक्षांश-रेखांश, थराचा रंग आणि कल (थर कोणत्या दिशेला किती झुकला आहे ते) वहीत लिहावा, आणि माहिती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला द्यावी. खाणीच्या हद्दीत व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल ठेवू नये. एवढा प्रवास जमत नसेल, तर हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात कोटा थरांतील कोटासॉरस या डायनोसॉरचा उभा केलेला सांगाडा पाहता येतो, आणि सोलापूरहून तिथे रेल्वेने जाता येते.