परदेशी समर स्कूलला जायचंय? मग या चुका टाळा

समर स्कूल म्हणजे परदेशी विद्यापीठातला उन्हाळी सुट्टीतला छोटा अभ्यासक्रम. पहिला घोळ या नावातच आहे. ‘समर’ म्हटलं की आपल्या पोरांना एप्रिल-मे आठवतो, नाहीतर विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा. युरोपातला समर जुलै-ऑगस्टचा. तेव्हा आपल्याकडे पराटीत डवरणी चालू असते. अर्जाची मुदत मात्र अनेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चलाच संपते, शिष्यवृत्ती हवी तर त्याहून आधी. म्हणून पासपोर्टचं काम कापूस वेचणीच्या दिवसांतच उरकावं. पत्ता नीट विचार करून टाका. पोरगं अमरावतीच्या होस्टेलवर, अर्जात पत्ता गावचा, आणि पोलीस पडताळणीला घरी कुलूप! मग अहवाल उलटा जातो.

अर्जात नाव लिहितानाही असंच होतं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. ते पाहून ‘फर्स्ट नेम’च्या चौकटीत आडनाव पडतं, निमंत्रणपत्र तसंच येतं आणि पासपोर्टशी जुळत नाही. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवा. चूक होऊन गेली असेल तर लगेच मेल करून दुरुस्त पत्र मागा. व्हिसाच्या तारखेची वाट पाहू नका.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती पैशाच्या कागदांत. बाप कास्तकार, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘मामाकडून तीन लाख घे अन् खात्यात टाक.’ हे करू नका. मागचे काही महिने खातं रिकामं आणि अर्जाच्या आठवडाभर आधी एवढी रक्कम, हे तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतं. त्यापेक्षा सातबारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीतल्या कापूस-तुरीच्या पट्ट्या लावा, सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर जोडा. कापसाचे पैसे येतात तसे कृषी केंद्राच्या उधारीत जातात, हेही पत्रात सरळ लिहा. त्यात लाजायचं काय? मामा खरंच खर्च करणार असेल तर त्याचं पत्र आणि त्याच्याच खात्याचा उतारा द्या.

‘फी माफ’ वाचून हुरळू नका. विमानभाडं वेगळं. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, जायचं तर व्हिसाचे ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. पासपोर्टची मुदत तिथून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने उरलेली हवी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ही. तेव्हा जूनपर्यंत थांबणं म्हणजे जुगार.

ऑनलाइन मुलाखतीची वेळही नीट मोजा. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन तास. फेब्रुवारीत पाहिलेलं गणित एप्रिलला लावून आमची एक पोरगी तासभर उशिरा जोडली गेली. तिने त्याच दिवशी माफीचा मेल केला म्हणून दुसरी वेळ मिळाली.

राहिले क्रेडिट. तिकडच्या एका ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. आपलं कॉलेज ते धरेल का, हे निघण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. जुलैत इकडे वर्ग सुरू झालेले असतात, म्हणून हजेरीचंही त्याच कागदावर लिहून घ्या.