वजन जास्त किंवा फारच कमी असेल, तर श्वसनसंसर्गात काय सांभाळायचं

२००९ साली एच१एन१ फ्लूची साथ आली, तेव्हा अतिदक्षता विभागात लठ्ठ रुग्णांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच जास्त निघालं. त्यातल्या काहींना दुसरा कुठलाच जुना आजार नव्हता. २०२० मध्ये कोविडनेही तेच दाखवलं. वजन जास्त आहे म्हणजे आजार गंभीर होणारच, असं अजिबात नाही. पण तो छातीत उतरला तर सावरायला वेळ कमी मिळतो. म्हणून अशा घरात तपासण्या लवकर सुरू करायच्या आणि डॉक्टरांना फोनही लवकर करायचा.

वेळ कमी का मिळतो

श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात काही हवा शिल्लक असते. ही आपली गंगाजळी. पोटातली चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला, वर ढकलते, तशी ही शिल्लक घटते आणि फुप्फुसाच्या तळातल्या बारीक श्वासनलिका मिटू लागतात. तिथे रक्त पोचतं, हवा पोचत नाही. उताणं झोपल्यावर हे आणखी वाढतं. त्यात न्यूमोनियाची भर पडली की ऑक्सिजन झपाट्याने उतरू शकतो.

दुसरं कारण चरबीच्या ऊतीचं. ती नुसती साठवण नसते. ती दाह वाढवणारी रसायनं सतत थोडी थोडी सोडत असते, त्यामुळे विषाणूला दिलेला प्रतिसाद विस्कळीत होतो. रक्तात गुठळ्या होण्याची शक्यताही वाढते. मधुमेह आणि झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास यांची सोबत अनेकदा असतेच. फ्लूच्या एका अभ्यासात लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून इन्फ्लुएन्झा ए विषाणू सुमारे ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडत राहिला. घरात वृद्ध किंवा तान्हं बाळ असेल तर वेगळी खोली आणि मास्क एक-दोन दिवस जास्तच पाळा.

आधी आपण कुठे आहोत ते मोजा

किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. ८६ किलो आणि १.६५ मीटर असेल तर ८६ भागिले २.७२, म्हणजे ३१.६. सर्वसाधारणपणे ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. आशियाई वंशाच्या लोकांत धोका २३ पासून वाढू लागतो आणि २७.५ पासून जास्त मानला जातो. ४० च्या वर असाल तर फ्लूची साधी लक्षणं दिसली तरी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळवा.

बीएमआयला स्नायू आणि चरबीतला फरक कळत नाही, म्हणून कमरही मोजा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, सहज श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढून घेतलेलं माप निरुपयोगी. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात.

आजारपणात रोजची नोंद

दिवसातून तीनदा ताप, नाडी, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन लिहून ठेवा. यातला श्वासाचा वेग लोक हमखास विसरतात, आणि आमच्या मते सर्वांत आधी बोलणारी खूण तीच. रुग्णाला न सांगता छाती-पोटाची हालचाल पूर्ण ६० सेकंद मोजा. मोजतोय हे कळलं की श्वास बदलतो, आणि १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. प्रौढात १२ ते २० ठीक. २५ ला डॉक्टरांशी बोला, ३० ला थांबू नका.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. बोट गरम हवं, नखाला रंग नको. आकडा स्थिर होईपर्यंत, साधारण एक मिनिट, थांबा. चढता-उतरता पहिला आकडा लिहू नका. तब्येत चांगली असतानाचा आपला नेहमीचा आकडा आधीच टिपून ठेवलेला असेल तर तुलना सोपी जाते. ९५ टक्के किंवा वर: घरी थांबायला हरकत नाही. ९३-९४: त्याच दिवशी डॉक्टर. ९२ किंवा कमी: रुग्णालय. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून धाप लागत असेल तर ‘९५ आहे’ म्हणून गाफील राहू नका. दीर्घकालीन फुप्फुसविकार असलेल्यांसाठी या मर्यादा वेगळ्या असतात, त्या डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्या.

आकडा कितीही असो, वाक्य पुरं करताना दम तुटणं, ओठ निळसर पडणं, गोंधळल्यासारखं वागणं, छातीत दुखणं किंवा एकाच पोटरीला सूज येणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच निघा.

झोपवायचं कसं

इथे सर्वाधिक चुका होतात. मानेखाली दोन-तीन उशा रचल्या तर फक्त मान वाकते आणि पोट छातीवर दाबलं जातं. कंबरेपासून अख्खं धड ३० ते ४५ अंश वर यायला हवं. पलंगाची डोक्याकडची बाजू उचला किंवा पाठीखाली घट्ट, उतरता आधार द्या. रुग्ण घसरत खाली आला की पुन्हा वर घ्या. बसलेला असताना पुढच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकू द्या, गुडघे थोडे फाकलेले, म्हणजे पोटाला जागा मिळते. कुशीवर झोपणं उताण्यापेक्षा बरं. पालथं झोपवायचं तर छाती आणि ओटीपोटाखाली उशी घेऊन मधलं पोट मोकळं ठेवा. गरोदरपणात आणि नुकत्याच शस्त्रक्रियेनंतर हे करू नका. जागेपणी दर तासाला उठून काही पावलं चाला किंवा बसल्याजागी पावलं वर-खाली हलवा. गुठळ्या टाळायला हे लागतं.

झोपेत श्वास अडखळण्यासाठी सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देणारं) वापरत असाल तर आजारपणात बंद करू नका. मात्र स्वतंत्र खोलीत वापरा, कारण त्यातून विषाणू हवेत पसरू शकतात.

औषधं

शरीर मोठं म्हणून पॅरासिटामॉल जास्त, असा हिशेब नसतो. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅमच. ५० किलोच्या आत वजन असेल तर मात्र मात्रा कमी करावी लागते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी, म्हणून ‘दोन दिवस बघू’ हे धोरण इथे महागात पडतं. झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि दारू श्वास मंदावतात. स्टेरॉइड स्वतःहून कधीच सुरू करू नका: कोविडमध्ये ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा दिसला नाही, आणि साखर मात्र चढते.

वजन फार कमी असेल तर

बीएमआय १८.५ च्या खाली असलेल्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, हे आम्हाला खटकतं. त्यांचे श्वासाचे स्नायू अशक्त असतात, खोकल्याला जोर नसतो आणि कफ आतच राहतो. क्षयरोगाचा धोका तर वजन घटेल तसा वाढतो. त्यांना आजारपणात दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि ती एकदम नव्हे, दिवसभर थोडी थोडी घ्यायची. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन गेलं, तर कारण शोधलंच पाहिजे.

लस आणि नंतरचं

लठ्ठ व्यक्तींत फ्लूची लस थोडं कमी संरक्षण देऊ शकते, तरीही ती घ्यायचीच. दंडातली सुई स्नायूपर्यंत पोचायला हवी: स्त्रीचं वजन ९० किलोच्या वर किंवा पुरुषाचं ११८ किलोच्या वर असेल तर ३८ मिलिमीटरची सुई मागा. वजन कमी करण्याचा बेत ताप उतरेपर्यंत बाजूला ठेवा. आजारात उपाशी राहिलं की स्नायूही झिजतात. पूर्ण बरं झाल्यावर आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरे.

रुग्णालयात जाताना अलीकडचं खरं वजन आणि उंची चिठ्ठीवर लिहून न्या, संकोच करू नका. रक्त पातळ करणाऱ्या काही इंजेक्शनांची मात्रा वजनावर ठरते, आणि अंदाजे सांगितलेला आकडा तिथे चुकीची मात्रा देतो. सीपॅप यंत्र, त्याचा मास्क आणि रोजच्या नोंदीची वहीही बरोबर घ्या.