टोळ्यांवरच्या माहितीपटात आता नवीन काय उरलंय?

जर्नालिझम किंवा मास कम्युनिकेशन करून नुकती बाहेर पडलेली मुलं भेटली की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, 'ताई, डॉक्युमेंटरीत पैसा आहे का?' दुसरा जरा आवाज उतरवून, 'एखाद्या भाईशी गाठ घालून द्याल का?' पैशाचं पुढे सांगते. भाईशी गाठ घालून द्यायला मात्र आता माझी गरज उरलेली नाही. त्याचं इन्स्टाग्राम उघडा. तलवारीने केक कापतानाचा रील असेल, जामिनावर सुटल्यावर निघालेल्या गाड्यांच्या मिरवणुकीचा असेल. चार दिवसांनी त्याच भाईला पोलिस त्याच चौकातून पायी फिरवतात, हात जोडून माफी मागायला लावतात, आणि तो व्हिडिओही तितकाच फिरतो. टोळीची बाजू टोळी रोज दाखवते, पोलिसांची पोलिस. मग वर्ष-दोन वर्षं घालवून आपण जे बनवणार त्यात तिसरं काय असेल, हे या कामात येणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं.

मी नागपुरात राहून बाहेरून येणाऱ्या माहितीपटवाल्यांसाठी संशोधनाचं आणि फील्डचं काम करते. टीम यायच्या आधी वस्तीत जायचं, माणसं शोधायची, कोर्टाचे कागद काढायचे, टीम आली की सोबत फिरायचं. आणि टीम परत गेली की वस्तीतल्या लोकांचे फोन घ्यायचे: 'काऊन मॅडम, आमचं पिक्चर कधी येऊन राहिलं?' हे शेवटचं काम कुठल्या करारात नसतं, पण सगळ्यांत जास्त दिवस तेच चालतं.

काय बघावं, असंही मुलं विचारतात. मी मोजकी नावं सांगते. गॅरी वाइसचा 'एटी ब्लॉक्स फ्रॉम टिफनीज' हा १९७९चा. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधली सॅव्हेज स्कल्स आणि सॅव्हेज नोमॅड्स या टोळ्यांची पोरं पडक्या, जळक्या इमारतींच्या आसऱ्याने गप्पा मारतात, फुशारक्या मारतात, मधूनच हसवतात. त्या काळी तेवढंही नवं होतं. त्यांच्याबद्दल बोलायला पोलिस असायचे, ती स्वतः क्वचितच. २००५चा 'बास्टर्ड्स ऑफ द पार्टी' क्ली स्लोनने केला. तो स्वतः लॉस एंजेलिसच्या ब्लड्स टोळीतला. आपण एकमेकांना का मारतो, यापाशी न थांबता ही टोळी मुळात आली कुठून, असं तो विचारतो. तिथून मागे जात तो साठच्या दशकातल्या ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेपर्यंत आणि त्यांना मोडून काढणाऱ्या एफबीआयपर्यंत पोचतो. मला हा माहितीपट बाकी सगळ्यांपेक्षा उजवा वाटतो, कारण आतल्या माणसाकडे बाहेरच्यापेक्षा वेगळा प्रश्न होता.

ख्रिस्तियान पोवेदाचा 'ला व्हिदा लोका' २००८चा. एल साल्वादोरमधल्या एटीन्थ स्ट्रीट टोळीत तो वर्षाहून जास्त काळ वावरला. ही टोळी मूळची लॉस एंजेलिसची. नव्वदच्या दशकात अमेरिकेने ज्यांना परत पाठवलं, त्यांच्याबरोबर ती तिथे पोचली. माहितीपटात एकामागून एक अंत्ययात्रा निघतात, आणि २ सप्टेंबर २००९ ला पोवेदालाही गोळ्या घालून मारलं गेलं. 'आत शिरायला मिळालं' याचं ज्यांना फार कौतुक वाटतं त्यांना मी हे नाव मुद्दाम सांगते.

२०११च्या 'द इंटरप्टर्स'मध्ये स्टीव्ह जेम्सने शिकागोतल्या अशा लोकांच्या मागे वर्षभर कॅमेरा ठेवला, जे पूर्वी टोळ्यांच्या जगात होते आणि आता भांडण पेटायच्या आत मध्ये पडतात. माहितीपट उत्तमच आहे. त्रास त्याच्या नकलांचा आहे. तेव्हापासून प्रत्येक टीमला 'बदललेला माणूस' हवा असतो. नागपुरात तो हमखास मागितला जातो, कारण इथे २००१पासून विजय बारसे यांचं झोपडपट्टी फुटबॉलचं काम उभं आहे आणि २०२२मध्ये त्यावरचा 'झुंड' हा सिनेमा आल्यावर ते देशभर पोचलं. ते काम खरं आणि मोठं आहे. पण दर वेळी एक सुटलेला पोरगा दाखवला की न सुटलेले कुठे गेले, हे विचारायचं राहून जातं.

बाकी टोळी कशी बनते, हे समाजशास्त्राने केव्हाच सांगून ठेवलंय. फ्रेडरिक थ्रॅशरने शिकागोतल्या १३१३ टोळ्यांचा अभ्यास १९२७ मध्ये छापला. शहराच्या ज्या पट्ट्यात ना धड घरं टिकतात ना संस्था, तिथे पोरांचे खेळाचे गट जमतात आणि बाहेरच्यांशी भांडता भांडता त्यांची टोळी होते, हे त्यात आहे. अर्ध्याअधिक वेब मालिका पाचेक भागांत एवढंच सांगतात, फक्त वरून ड्रोन फिरवतात. तेव्हा टोळीबद्दल नवीन काही मिळेल का, असं कुणी विचारलं तर मी फारशी आशा दाखवत नाही. टोळी ज्या शहराच्या जिवावर जगते त्या शहराबद्दल मिळू शकतं, आणि तिथे अजून पुष्कळ काम पडून आहे.

आपल्याकडचंच घ्या. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने वस्तीवर दहशत बसवलेल्या अक्कू यादव या गुंडाला मारलं. त्यावर सिनेमे झाले. २०२२ मध्ये उमेश कुलकर्णींनी तीन भागांची माहितीपट मालिका केली. त्या मालिकेत मला मोलाचं वाटलं ते त्या बायकांचं सलग, न तोडलेलं बोलणं. तरीही बाहेरची नवी टीम आली की तिचा पहिला प्रश्न त्या एका दुपारबद्दलच असतो. खटला मात्र २०१४ पर्यंत चालला आणि पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. मधल्या दहा वर्षांत तारखेला जायचं म्हणून बुडालेली मजुरी, लांबलेली लग्नं, वारलेली माणसं, यावर कुणी कॅमेरा लावत नाही. त्यात रक्त नाही आणि ते दाखवायला वेळ लागतो. मला विचाराल तर माहितीपटाने खरं तर तिथेच बसायला हवं.

दुसरा विषय प्लॉटचा. नागपूर बेसा, हुडकेश्वर, वाठोड्याच्या बाजूला पसरत गेलं तसतशी शेतजमीन तुकडे पाडून विकली गेली. ५७२ आणि १९०० ले-आउट (मंजुरीविना पडलेल्या ले-आउटच्या याद्या) म्हटलं की इथल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली ही वस्ती नियमित होत गेली आणि 'आरएल (नियमितीकरणाचं पत्र) आहे का?' हा प्लॉट घेणाऱ्याचा पहिला प्रश्न झाला. एकच प्लॉट दोघा-तिघांना विकलेला असेल तर शेवटी तो कुणाचा, हे कागदाच्या आधी कब्जा ठरवतो. कब्ज्यासाठी पोरं बसवावी लागतात. ती वस्तीतून येतात. २०१७ मध्ये जमीन बळकावण्याच्या तक्रारींसाठी नागपूर पोलिसांना विशेष तपास पथक नेमावं लागलं. या गोष्टीत चाकू चालवणारा वीस वर्षांचा पोरगा हे एक पात्र, तेही दुय्यम. सोसायटीचा सचिव, बनावट आममुखत्यारपत्र करून देणारा, आयुष्यभराची पुंजी घालून बसलेला निवृत्त शिक्षक, ही बाकीची पात्रं. आता बघा, टोळीवरच्या किती माहितीपटांत तुम्हाला सातबारा किंवा आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा) दिसते? क्रिकेट सट्ट्याची लगवाडी-खायवाडी (पैसे लावणं आणि घेणं), कन्हान नदीच्या पात्रातली रेती, व्याजाने दिलेला पैसा, या सगळ्यांचं तेच. पैसा कुठून कुठे गेला हे दाखवणं कंटाळवाणं होतं, असं निर्माते म्हणतात. कंटाळवाणं न होऊ देणं हेच तर आपलं काम.

तिसरा विषय तडीपारीचा. मुंबई पोलीस कायदा (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम), १९५१ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. तो वर्ध्याला, भंडाऱ्याला, छिंदवाड्याला कुणा नातेवाइकाकडे जातो, आणि पेपरात दर थोड्या दिवसांनी बातमी येते की तडीपार गुंड घरीच सापडला. आजारी आई, दिवाळी, बायकोचं बाळंतपण, किंवा सरळ धंदा. कारण काही का असेना, त्या दोन वर्षांत त्या घरात काय होतं, यावर एक चांगला तासाभराचा माहितीपट सहज होईल. मी हा विषय अनेकांना सुचवला आहे. घ्या कुणीतरी.

आता कामाचं. इथे येण्याचा रस्ता कुठल्या एका पदवीतून जात नाही. इथल्या रातुम (राष्ट्रसंत तुकडोजी महाराज) विद्यापीठातून मास कम्युनिकेशन केलेली मुलं या कामात आहेत, वकिलीतून आलेली आहेत, क्राइम बीटवर राबलेली आहेत. माझ्या अनुभवात क्राइम बीटवाल्यांना ओळखी पटकन मिळतात, पण पोलिसांच्या नजरेने बघायची सवय सुटायला वेळ लागतो. वकिलीतले कागद वाचतात, माणसांशी बोलायला बिचकतात. तुम्ही कुठूनही या, कागद वाचायला शिका. एफआयआर, दोषारोपपत्र, रोजनामा (कोर्टातली तारीखवार नोंद), निकाल, या चौघांत एकच घटना चार तऱ्हांनी सापडते आणि गोष्ट बरेचदा त्या फरकात असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. दोषारोपपत्र तसं मिळत नाही. ते सार्वजनिक करायचं बंधन नाही, असं त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. त्यासाठी वकील धरावा लागतो. तारखा आणि निकाल ई-कोर्ट्सवर असतात.

मकोका आणि एमपीडीए या राज्याच्या दोन कायद्यांतला फरक पाठ करा. मकोका १९९९चा, संघटित गुन्हेगारीसाठी, त्यात खटला चालतो. एमपीडीए १९८१चा, त्यात खटल्याविना वर्षभर स्थानबद्ध करता येतं. 'आत गेला' एवढंच ऐकून लिहिलंत तर सगळी गोष्ट चुकते.

अठराच्या आतला मुलगा असेल तर ओळख उघड करायची नाही. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४. चेहरा ब्लर केला पण गल्लीतलं दुकान, शाळेचा शर्ट, आजीचा आवाज तसाच ठेवला, तर वस्तीत त्याला कोण ओळखणार नाही? टोळ्या अल्पवयीन पोरांना पुढे करतात, हा विषय महत्त्वाचा आहे म्हणूनच हे अवघड होतं. माझ्या मते पोराला न दाखवता त्याच्याभोवतीची मोठी माणसं दाखवावीत.

आणि हे नीट वाचा. आपल्याकडे पत्रकाराला किंवा माहितीपटवाल्याला सूत्रं लपवण्याचं सरसकट कायदेशीर कवच नाही. तपासासाठी पोलिस फुटेज मागू शकतात, तशी तरतूद आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे. कॅमेऱ्यासमोर कुणी भावनेच्या भरात 'हो, मीच केलं' म्हणाला तर ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहू शकतं. ज्याचा खटला सुरू आहे त्याला घटनेबद्दल विचारूच नका. बालपणाबद्दल विचारा, कामाबद्दल, तारखांबद्दल. दिग्दर्शक वैतागतात. वैतागू द्या.

संमतीपत्र इंग्रजीत आलं तर टीमकडून मराठी-हिंदी करून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. एडिट लॉक होईपर्यंत, म्हणजे संकलन पक्कं होईपर्यंत, माघार घेता येईल, अशी ओळ त्यात घालायला लावा. बाई म्हणून मला एक गोष्ट सोपी जाते: घरात चुलीपर्यंत जाता येतं. आया, बहिणी, वहिन्या बोलतात आणि टोळीचा हिशेब त्यांना पोरांपेक्षा जास्त ठाऊक असतो. कोण वकिलाची फी भरतं, कोणी जामीन दिला, जामिनाच्या बदल्यात काय गहाण पडलं. पण त्या बोलल्याचं नंतर घरात त्यांनाच भोगावं लागतं, म्हणून पुष्कळदा मी वहीही काढत नाही. मुलाखतीचे पैसे द्यायचे की नाही, यावर आमच्या क्षेत्रात वाद आहे. बातमीसाठी पैसे देऊ नयेत, हे मला मान्य आहे. रोजीवर जाणाऱ्या बाईचा दिवस आपण घेतला तर तिची रोजी भरून द्यावी, हेही मान्य आहे. ते करारातच लिहून घ्यावं, हळूच हातावर टेकवू नये.

पैशाचं राहिलं. काम दिवसाच्या दराने मिळतं आणि सलग मिळत नाही. शूटचे दिवस मोजले जातात, त्याआधी वस्तीत घालवलेले दिवस मोजायला निर्माता विसरतो, म्हणून तयारीचे दिवस वेगळे लावून घ्या. अर्धे पैसे आधी. प्रवास, विमा, नावाचा उल्लेख, सगळं ईमेलवर. घर चालवायला सोबत दुसरं काहीतरी धरावंच लागतं. मी भाषांतरं करते, ओळखीतला एक जण लग्नाचे व्हिडिओ करतो आणि माझ्यापेक्षा बरा कमावतो.

सुरुवात कशी करायची असं विचारलंत तर वस्तीत जाऊ नका, आधी सिव्हिल लाइन्सला जा. जिल्हा न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर बसू देतात, फोन बंद ठेवा. सगळ्या टप्प्यांतून गेलेला, निकाल लागलेला एक टोळीचा खटला निवडा, निकाल उतरवून घ्या आणि भांडण ज्या प्लॉटवरून किंवा ज्या पैशावरून झालं तो आज कुणाकडे आहे, हे शोधून एका पानात लिहा. ते पान घेऊन आलात की कुणाला भेटायचं ते आपण बोलू. बहुतेकदा त्या यादीत भाई नसतो.