‘टिल मंडे’ की ‘बाय मंडे’? इंग्रजीतल्या या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांचं इंग्रजी एका विशिष्ट ठिकाणी अडतं. घरात मराठी, बाहेर हिंदी. ‘पर्यंत’ला तिकडे ‘तक’, ‘पासून’ला ‘से’. दोन्ही भाषा एकसारख्याच चालतात, त्यामुळे चूक दोन्हीकडून पक्की होते.

सगळ्यात महागात पडतं ते ‘पर्यंत’. ‘सोमवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो’ याचं ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे’ केलंत, तर अर्थ होतो की सोमवार उजाडेपर्यंत तुम्ही रिपोर्ट पाठवतच बसणार! इथे ‘बाय मंडे’ हवं. मुदतीच्या आत एकदाच उरकायचं काम असेल तर ‘बाय’, तोवर सलग चालणारं असेल तर ‘टिल’. शंका आली की ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘फॉर्म 30 तारखेच्या आत भरा’ जमतं, म्हणून ‘बाय’. ‘खिडकी पाचच्या आत उघडी आहे’ जमत नाही, म्हणून ‘टिल’.

‘पासून’मध्ये दोन चुका जोडीनं येतात. ‘आय ॲम लिव्हिंग इन इंदौर सिन्स फाइव्ह इयर्स’ यातलं नुसतं ‘सिन्स’ बदलून भागत नाही. काम कधी सुरू झालं ते सांगायचं तर ‘सिन्स 2019’, किती काळ चाललंय ते सांगायचं तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’; आणि दोन्हीकडे क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’. हे दुसरं फार कमी जण दुरुस्त करतात.

‘मी राजवाड्यावर (इंदूरच्या जुन्या सात मजली राजवाड्यापाशी) उभा आहे’ हे आपल्याकडे अगदी रोजचं. इंग्रजीत मात्र ‘ऑन राजवाडा’ म्हणालात तर ऐकणारा सातव्या मजल्याकडे बघेल. ‘ॲट राजवाडा’ म्हणा, खाऊगल्लीत असाल तर ‘ॲट छप्पन दुकान’ म्हणा. रिक्षा आणि कार ‘इन’, बस आणि ट्रेन ‘ऑन’.

‘ला’ दिसला की ‘टू’ लावायची सवय सोडा. ‘आस्क’ आणि ‘टेल’ला ‘टू’ लागत नाही: ‘आय आस्क्ड हिम’. ‘से’ आणि ‘एक्स्प्लेन’ला लागतो, म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ चूक, ‘एक्स्प्लेन इट टू मी’ बरोबर. यामागे सोपा नियम शोधत बसू नका, क्रियापद त्याच्या शेपटासकट पाठ करा. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको, ‘रीच’पुढे ‘टू’ नको. लग्न आपल्याकडे कोणाशी तरी होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’ तोंडात येतं. पण नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव पुढे असेल तर ‘मॅरीड टू’. ‘मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ हेही बरोबर आहे, पण त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. (मुलांशी नव्हे!)

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा नमुना बघायचा तर खजुरी बाजारात चक्कर मारा. वह्या-पेनं विकणाऱ्या ‘स्टेशनरी’च्या स्पेलिंगमध्ये शेवटून तिसरं अक्षर ‘ई’ असतं. तिथे ‘ए’ लिहिलात तर अर्थ होतो जागेवर थांबलेलं. ‘लूझ’ म्हणजे हरवणं, त्यात एकच ‘ओ’. ‘लूस’ म्हणजे सैल, त्यात दोन. ‘ॲडव्हाइस’ हे नाम, शेवटी ‘सीई’. ‘ॲडव्हाइझ’ हे क्रियापद, शेवटी ‘एसई’. आणि ‘ॲडव्हाइसेस’ असं अनेकवचन करू नका. दहा जणांनी सल्ला दिला तरी ते ‘ॲडव्हाइस’च.