गळक्या छताचा माग: सामाजिक घरांच्या व्यवस्थापनाची देशोदेशींची तुलना कशी करावी

अल्प उत्पन्न गटासाठी शासनाने बांधलेल्या घरांची चर्चा आपल्याकडे सोडतीच्या वेळी रंगते आणि चावी हातात पडली की थांबते. वास्तविक घर बांधायला दोन-तीन वर्षे लागतात, तर ते सांभाळावे लागते पन्नास-साठ वर्षे. म्हणून तुम्ही शिवाजी विद्यापीठात प्रबंध लिहीत असा, महानगरपालिकेत अभियंता असा किंवा कोल्हापुरातील एखाद्या वसाहतीच्या सोसायटीचे सचिव असा, तुलना करताना किती घरे बांधली हा आकडा आधी बाजूला ठेवावा. त्याऐवजी एकच तक्रार निवडावी आणि प्रत्येक देशात ती कोणाच्या दारी जाते व तिचा खर्च कोण उचलतो, याचा माग काढावा. कोल्हापूरकरांना अशी तक्रार शोधायला लांब जायला नको; पावसाळ्यात गळणारे छत पुरेसे आहे.

माग काढण्यापूर्वी घर मालकीचे आहे की भाड्याचे, हे नक्की करावे. सिंगापूरमधील तीन चतुर्थांशाहून अधिक रहिवासी गृहनिर्माण व विकास मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या सदनिकांत राहतात, पण त्यांतील बहुतेकांनी आपले घर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकत घेतलेले असते. व्हिएन्नामध्ये सुमारे निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात आणि ते प्रामुख्याने भाडेकरू असतात. हे दोन आकडे एकाच रकान्यात शेजारी मांडले, तर तुलना पहिल्याच पायरीवर फसते.

आता छताकडे वळू. व्हिएन्नामध्ये महापालिकेच्या सुमारे 2 लाख 20 हजार सदनिका ‘वीनर वोनेन’ ही संस्था सांभाळते. छत आणि इमारतीचे सामाईक भाग दुरुस्त करणे हे घरमालक म्हणून तिचे काम असते. सिंगापूरमध्ये सामाईक भागांची देखभाल टाउन कौन्सिल करते. तिचे नेतृत्व निवडून आलेल्या खासदारांकडे असते आणि रहिवाशांच्या मासिक शुल्काचा ठरावीक भाग कायद्यानेच सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखून ठेवलेल्या निधीत, जमा करावा लागतो. मात्र वरच्या घराच्या फरशीतून खालच्या घरात पाणी झिरपत असेल, तर ती वरच्या व खालच्या अशा दोन्ही मालकांची संयुक्त जबाबदारी मानली जाते. नेदरलँड्समध्ये 1901 च्या गृहनिर्माण कायद्यापासून विकसित झालेल्या, नफ्यासाठी नव्हे तर भाड्याने घरे देण्यासाठी चालणाऱ्या गृहनिर्माण संस्थांकडे आज वीस लाखांहून अधिक घरे आहेत. तेथे दुरुस्ती रेंगाळली, तर भाडेकरू भाडे समितीकडे जाऊ शकतो आणि दोष गंभीर ठरल्यास तो दूर होईपर्यंत भाडे कमी करून मिळू शकते. मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण दिरंगाईचा भुर्दंड तिथे दिरंगाई करणाऱ्यालाच बसतो.

इंग्लंडचा अभ्यास मात्र घाईने उरकू नये. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत 72 जणांचा मृत्यू झाला. इमारत केन्सिंग्टन आणि चेल्सी या बरोच्या, म्हणजे लंडनमधील स्थानिक प्रशासनाच्या, मालकीची होती आणि तिचे व्यवस्थापन एका स्वतंत्र भाडेकरू व्यवस्थापन संस्थेकडे सोपवलेले होते. त्या संस्थेच्या संचालक मंडळावर रहिवाशांचे प्रतिनिधीही होते. तरीही आगीच्या धोक्याबद्दल रहिवाशांच्या एका गटाने आधीपासून दिलेले लेखी इशारे वाया गेले. म्हणून तुलनेच्या तक्त्यात ‘रहिवाशांना प्रतिनिधित्व आहे का’ आणि ‘त्यांच्या तक्रारीवर ठरावीक मुदतीत कारवाई करावीच लागते का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे अत्यावश्यक आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडने फार मोठी किंमत मोजल्यावर दिले. 2020 मध्ये रॉचडेल येथे घरातील बुरशीमुळे दोन वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. त्यानंतर 2023 च्या कायद्याने मुदतींची तरतूद झाली आणि ऑक्टोबर 2025 पासून तातडीच्या धोक्यावर 24 तासांत कारवाई करणे सामाजिक घरमालकांवर बंधनकारक झाले.

शेवटचा रकाना आपला. कोल्हापूर जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळाच्या कार्यक्षेत्रात येतो. म्हाडाची घरे मुख्यतः विकली जातात आणि पुढे 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली रहिवाशांची सोसायटी ती सांभाळते. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. शौचालय किंवा सिंकमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी सोसायचा असतो. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान 0.25 टक्के रक्कम दरवर्षी जमा करावी, असेही त्यांत आहे. म्हणजे कागदावर आपण सिंगापूरपासून फार दूर नाही. फरक आहे तो आकाराचा. तेथे एक टाउन कौन्सिल हजारो घरांसाठी पगारी अभियंते आणि लेखापाल नेमते. येथे तीस-चाळीस कुटुंबांची सोसायटी नोकरी-धंदा सांभाळून वेळ देणाऱ्या सचिवावर चालते आणि थकबाकीदार बहुधा त्याच्याच जिन्यात राहतो. ज्या जिल्ह्यात गावोगावच्या दूध संस्थांनी एकत्र येऊन ‘गोकुळ’सारखा संघ उभा केला, तेथे शेजारच्या पाच-सहा सोसायट्यांनी मिळून एक अभियंता आणि एक हिशेबनीस नेमणे अशक्य नाही.

तक्ता भरताना देखभालीच्या रकमांचे रुपयांत रूपांतर करून थांबू नये, तर ती रक्कम त्या देशातील अल्प उत्पन्न कुटुंबाच्या मासिक मिळकतीचा कितवा भाग आहे, हे काढावे. प्रत्येक नियमापुढे तो लागू झाल्याचे वर्ष लिहावे, कारण इंग्लंडबद्दल 2015 मध्ये लिहिलेला लेख आजच्या इंग्लंडला लागू पडत नाही. आपल्या रकान्यात केवळ उपविधी उतरवून भागणार नाही. दोन-तीन सोसायट्यांचे लेखापरीक्षण अहवाल संमतीने पाहावेत, सिंकिंग फंडात प्रत्यक्ष किती शिल्लक आहे ते नोंदवावे आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारावे की गेल्या पावसाळ्यात केलेल्या अर्जाला लेखी उत्तर कोणत्या तारखेला मिळाले.